अक्षय तृतीयेची आळी : पावसाआधी वेल मांडवाला लागायला हवेत

आगरवाली | 21 एप्रिल 2025

नमस्कार मंडळी. यंदा अक्षय तृतीया 30 एप्रिलला, बुधवारी आहे. आळी (वेलांचं बी लावायचे खड्डे) खणायला नऊ दिवस हातात आहेत, म्हणून आजच धागा काढते. दरवर्षी जून उजाडला की इथे प्रश्न येतो, "पाऊस सुरू झाला, आता काकडी-पडवळ लावू का?" लावा, पण खरी वेळ तोवर गेलेली असते. दोन पानांचं रोप आणि वरून मृगाची झोड. पानं मातीला चिकटतात, बुंधा कुजतो, उरलंसुरलं गोगलगायी रात्रीत संपवतात. आमच्या सासूबाई म्हणायच्या, वेल मांडवाला लागला की पावसाला भीत नाही. गुहागरच्या बाजूला आमचं छोटं आगर आहे, तिथे तीस वर्षं मी हेच बघते आहे.

आमची पद्धत सांगते. दीड फूट रुंद, फूटभर खोल आळं. तळाला वाळका पाला, त्यावर जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत दोन पाट्या, ओंजळभर चुलीतली राख, आणि वर खणलेलीच माती. आळं काठापेक्षा चार बोटं खोलगट ठेवायचं. वैशाखात पाणी जपून घालावं लागतं, ते इकडेतिकडे न जाता मुळाशीच राहतं. आळं आजच भरा आणि रोज तांब्याभर पाणी मारा. खत थोडं कच्चं असलं तर त्याची धग आठवड्यात निघून जाते. भरल्या दिवशीच बी टाकलं तर कोंब जळतो.

पडवळ, कारलं, दुधी यांचं बी टणक. एक रात्र आणि एक दिवस पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्यात बांधून फडताळात. कारल्याच्या बीचं टोक मी नेलकटरने अगदी इवलंसं कातरते, आतला गर दुखवत नाही. काकडीला चार-पाच तास भिजवणं पुरतं. एका आळ्यात चार बिया, पेराएवढ्या खोल, आडव्या. वर नारळाचं चुडत (झावळी) टाकायचं. काकडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, कारलं आठवडा घेतं, कधी जास्तही. कोंब दिसला की चुडत त्याच संध्याकाळी बाजूला करा, नाहीतर रोप पिवळं आणि लांबुडकं होतं. चारातली दोन जोमदार ठेवा. जास्तीची उपटू नका, शेजारचीचं मूळ हलतं. कात्रीने कापा.

बी घरचं असेल तर उत्तम. आमच्याकडे काकडी-भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचे, आणि शिराळं (घाटावरचे दोडका म्हणतात तेच) चुलीच्या वर टांगून वाळवायचे. विकतचं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जाती आमच्या हवेत छान येतात. कोकण श्वेता पडवळ, कोकण हरिता दोडकी, कोकण तारा कारली. ही सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं.

---

गच्चीवरची_माती | 21 एप्रिल 2025

ताई, मी पुण्यात. गच्चीवर सहा ग्रोबॅग, पहिलंच वर्ष आहे. मार्चमध्ये एका दुकानातून काकडीचं पाकीट आणलं, बारा बियांतली एक उगवली आणि तीही वाळली. दुपारी पिशवीला हात लावला तर चटका बसतो. आत्ता लावण्यात अर्थ आहे का, की जूनच बरा?

---

आगरवाली | 22 एप्रिल 2025

आत्ताच लावा. पाकिटावर मागच्या बाजूला तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते, ती वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका. घरी तपासायचं तर दहा बिया ओल्या फडक्यात बांधा. सात-आठ उगवल्या तर बी चांगलं.

पिशवी काळी असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि गोणपाट ओलं ठेवा. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे मधल्यांना ऊन कमी लागतं. आणि स्लॅबवर थेट नको, खाली दोन विटा. स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, मुळं खालून भाजून निघतात. बियाण्यावर हिरवी शेडनेट, पन्नास टक्क्यांची. पाणी सकाळी सातच्या आत.

एका पिशवीत एकच वेल. दुधीला मोठी पिशवी द्या, वीस-पंचवीस लिटरची तरी.

---

वऱ्हाडी_शिवार | 22 एप्रिल 2025

ताई, तुमच्या अनुभवाचा आदर राखून आमची बाजू मांडतो. अमरावतीत पारा चव्वेचाळीसच्या आसपास आहे, आणि मे अजून यायचा आहे. इथे उघड्यावर बी टाकलं तर कोंब मातीतून बाहेर येतानाच करपतो. कोकणची दमट हवा आणि माडाची सावली आमच्याकडे नाही. आमचे वेल रोहिणीच्या शेवटी नाहीतर मृगालाच.

मग मे महिन्यात आम्ही काय करतो, तर वांग्याचं आणि मिरचीचं रोप टाकतो. कडुनिंबाच्या सावलीत गादीवाफा, तीन फूट रुंद, वीतभर उंच. बोटभर अंतरावर रेघा पाडायच्या, बी पातळ पेरायचं, वर चाळलेलं शेणखत भुरभुरायचं आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचा मांडव करायचा. पाणी झारीनेच. पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होतं आणि बरोबर पहिल्या चांगल्या पावसावर लावणीला येतं. रोप दाट झालं तर मान टाकतं, बुंध्याशी काळं पडून आडवं होतं. तिथे औषधापेक्षा पातळ पेरणीच कामाला येते.

दुसरं म्हणजे तिथीचं. अक्षय तृतीया 2023 ला 22 एप्रिलला होती, 2024 ला 10 मेला, यंदा 30 एप्रिलला. चांद्र तिथी मागेपुढे होणारच. पाऊस सूर्याच्या नक्षत्रांवर चालतो. रोहिणी दरवर्षी 25 मेच्या सुमारास लागते आणि मृग 7-8 जूनला. मग लावणी तिथीवर कशाला टांगायची?

---

आगरवाली | 23 एप्रिल 2025

दादा, मुद्दा अगदी बरोबर आहे आणि मला तो आवडला. विदर्भाच्या उन्हात आमची पद्धत चालणार नाही, हे मी वर लिहायला हवं होतं.

तिथीबद्दल. आमच्याकडे म्हणतात की या दिवशी घातलेल्या आळ्याला अक्षय फळ येतं. मी त्या श्रद्धेने पहिलं बी त्याच दिवशी घालते आणि घालत राहीन. पण हिशेब मृगापासून मागे मोजूनच करते. वेल मांडवाला लागायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. मृग 8 जून धरला तर बी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात मातीत हवं. 2024 ला तिथी उशिरा आली तेव्हा मी काकडी आणि पडवळ 2 मेलाच लावलं होतं, तृतीयेला फक्त दुधीचं एक आळं धरलं. यंदा तिथी आणि हिशेब एकाच दिवशी जुळले आहेत.

गादीवाफ्याचं इतकं नेमकं लिहिलंत, पुष्कळांना उपयोगी पडेल.

---

हळदीचं_पान | 23 एप्रिल 2025

सांगलीकडून नमस्कार. वेलांच्या गर्दीत हळद विसरू नका, तिचीही हीच वेळ. कुंडीतही होते. बेण्यासाठी जेठे गड्डे (मधले मुख्य कंद) घ्या, डोळे फुगलेले आणि टणक. दोन-तीन इंच खोल, डोळा वर. महिनाभर काही दिसत नाही, म्हणून लोक उकरून बघतात आणि तिथेच कोंब मोडतो. उकरू नका. शेतातलं पीक आठ-नऊ महिन्यांचं असलं तरी घरी पानांसाठीच एक कुंडी लावावी. आत्ता लावलेल्या हळदीची पानं नागपंचमीला पातोळ्यांना हाताशी येतात. घरच्या पानात उकडलेल्या पातोळ्याचा वास काय असतो ते कोकणातल्यांना मी काय सांगणार.

आल्याचंही असंच. पण पाणी साचलं की आलं हळदीच्या आधी कुजतं.

---

हडसनकाठ | 24 एप्रिल 2025

न्यूजर्सीहून. वऱ्हाडी दादांचा प्रश्न आम्हाला उलट्या बाजूने पडतो. तुम्ही उन्हातून रोप वाचवता, आम्ही हिमकडाक्यातून. इथे कडाका मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो, म्हणून मदर्स डेच्या आधी वेल जमिनीत लावायचे नाहीत अशी इथल्या जुन्या लोकांची रीत आहे. यंदा तो 11 मेला.

माझे दुधी, पडवळ आणि कारली आत्ता जेवणघराच्या खिडकीत कागदी पेल्यांत आहेत. मे लागला की रोज थोडा वेळ बाहेर नेते. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग दोन तास, मग कोवळं ऊन, असं आठ-दहा दिवस. एका वर्षी घाई केली, खिडकीतली रोपं थेट उन्हात ठेवली. संध्याकाळी सगळी पानं कागदासारखी पांढरी पडली होती. आईने पुण्याहून आणलेलं घरचं बी होतं ते. आता एक दिवसही चुकवत नाही.

भेंडी सगळ्यात शेवटी. माती कोमट झाल्याशिवाय ती हलत नाही. मेथी मात्र मी एप्रिलच्या सुरुवातीलाच फेकते, तिला हा गारवा आवडतो. कोथिंबीरही आत्ताच, जूनमध्ये ती फुलावर येते. आणि कुंपण आधी, रोप नंतर. हरणं आणि ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला मोठा प्राणी) यांना कारल्याचा कोवळा शेंडासुद्धा चालतो.

---

दक्षिणायन | 24 एप्रिल 2025

मेलबर्नला आत्ता शरद चालू आहे, आमचा वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर. इथला लोकांचा मुहूर्त मेलबर्न कपच्या शर्यतीचा, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. टोमॅटोची रोपं त्या दिवशी जमिनीत गेली पाहिजेत. हा धागा जपून ठेवते आणि तेव्हा पुन्हा वर काढेन.

---

आगरवाली | 30 एप्रिल 2025

आज आळी घातली. काकडी चार, पडवळ दोन, शिराळी तीन, दुधी एक, कारली दोन. भेंडी दोन ओळी, वाण परभणी क्रांती, तिच्यावर केवडा (पानं पिवळी पडायचा रोग) कमी येतो. मोरीच्या पाण्यावर अळू आहेच.

विहीर खाली गेली आहे. तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी बादलीत साठवून तेच घालते आहे.

---

गच्चीवरची_माती | 9 मे 2025

ताई, उगवले!! दुधीचे दोन, काकडीचे तीन. विटा आणि गोणपाटाने खूप फरक पडला. पण काकडीच्या जाड पानांना आज गोल भोकं दिसली. नारिंगी रंगाचा, चवळीच्या दाण्याएवढा भुंगा आहे, हात नेला की उडतो.

---

आगरवाली | 9 मे 2025

तो तांबडा भुंगेरा. वेलाचा हा पहिला शत्रू, आणि त्याचे दिवस हेच, रोप दोन ते चार पानांचं असेपर्यंत. पहाटे तो सुस्त असतो, उडत नाही, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मग पानावर दव असतानाच चाळलेली राख पातळ फडक्यात बांधून वरून झटका. पानाच्या खालीही. रोज सकाळी, आठवडाभर. लाकडाचीच राख घ्या, कोळशाची नको.

---

आगरवाली | 22 मे 2025

सगळ्यांनी हे आज वाचा. दोन दिवस इथे पाऊस आहे, आणि हा वळीव वाटत नाही. वारा नैर्ऋत्येचा आहे आणि थांबायची लक्षणं नाहीत. मी 30 एप्रिलला घातलेले वेल कमरेएवढे झालेत, पण आळी अजून खोलगटच होती. दरवर्षी मी मेच्या शेवटच्या दिवसांत ती उलटी करते. आज सकाळी बघते तर काकडीच्या चारही आळ्यांत पाणी तुंबलेलं.

ज्यांची आळी जमिनीत आहेत त्यांनी आजच भर द्या. बाजूची माती ओढून बुंध्याभोवती उंचवटा करा, कासवाच्या पाठीसारखा, म्हणजे पाणी बाहेर उतरेल. उताराच्या बाजूला वीतभर चर काढा. बुंधा मातीत जास्त गाडू नका, दोन बोटं पुरे. पिशव्यावाल्यांनी तळाची भोकं काडीने मोकळी करा. पावसात खत घालू नका.

मी भर पावसात इरलं घेऊन केलं. काकडीचं एक आळं वाचेल असं वाटत नाही, पानं मलूल झाली आहेत.

---

वऱ्हाडी_शिवार | 27 मे 2025

मान्सून 24 ला केरळात, 25 ला कोकणात आणि 26 ला मुंबई-पुण्यात. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. माझा रोहिणीचा हिशेब यंदा साफ चुकला, ताई. मी सूर्यावर बोट ठेवून बसलो आणि ढग रोहिणीच्या पहिल्याच दिवशी तुमच्याकडे पोचले. तुमचे कमरेएवढे वेल उभे आहेत, ही तुमच्या पद्धतीची परीक्षाच झाली म्हणायची.

आमच्याकडेही अवकाळी पाऊस झाला. गादीवाफा उंच असल्याने मिरचीचं रोप वाचलं. वांग्याचं थोडं आडवं झालं.

गावात लोक पेरणीची घाई करताहेत, त्यांना मी थांबवतो आहे. जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय आणि पाऊस टिकतो हे दिसल्याशिवाय बी टाकू नका.

---

आगरवाली | 28 मे 2025

दादा, तुमचाही हिशेब चुकला नाही. पाऊस कधी लवकर, कधी उशिरा. मी वेल वाढवून ठेवते ते याचसाठी. पाऊस लांबला असता तर मला पंधरा दिवस जास्त पाणी शेंदावं लागलं असतं, एवढंच.

काकडीचं एक आळं गेलं. बाकीची तीन सावरली. शिराळी मांडवावर चढली.

---

गच्चीवरची_माती | 10 जून 2025

पुण्यात आठवडाभर पावसाने ओढ दिली आहे, पुन्हा पाणी घालते आहे. वेल छान आहेत. दुधीला भरपूर फुलं येतात, पण सगळी गळून जातात. एकही दुधी धरत नाही. रडू येतं. काय चुकतंय?

---

हडसनकाठ | 10 जून 2025

काही चुकत नाही. आधी दहा-पंधरा दिवस नुसती नरफुलंच येतात. फुलाखाली बघा. लांब बारीक देठ असेल तर नर. फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढी, लव असलेली चिमुकली दुधी दिसली तर ती मादी. शेणखत किंवा युरिया जास्त झाला तर पानं माजतात आणि मादी फुलं लांबतात, म्हणून आता खत थांबवा.

मादी फूल आलं की परागीकरण स्वतः करा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटतं. शहरात रात्रीचे पतंग कमी असतात, त्यामुळे फळ धरत नाही. मी साडेसातला बॅटरी घेऊन जाते. नरफूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवायचा. परागाची धूळ बोटाला लागते. दोन-तीन दिवसांत छोटी दुधी खाली वळून फुगायला लागली तर जमलं. पिवळी पडली तर दुसरं फूल.

काकडीचं फूल सकाळी उमलतं, तिथे मधमाशा बहुतेक काम करून टाकतात.

---

हळदीचं_पान | 24 जून 2025

फळमाशी आली का कुणाकडे? माझ्या दोडक्यांना डंख आहेत. वाकडे होताहेत, चिरले तर आत पांढऱ्या अळ्या. आंब्याला लावलेला सापळा आणून मांडवात टांगला, एकही माशी अडकत नाही.

---

आगरवाली | 24 जून 2025

आंब्याचा सापळा इथे चालत नाही. त्यात मिथाईल युजेनॉल असतं, ते आंब्याच्या माशीला ओढतं. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू ल्युअरची गोळी लागते. दुकानात "भाजीपाल्याची" म्हणून स्पष्ट मागा. सापळा नरमाशा पकडतो, म्हणून फुलं येतानाच टांगायला हवा. आता फळं आली आहेत, तर डंखलेलं प्रत्येक फळ तोडा. मांडवाखाली टाकू नका, खतातही नको. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, नाहीतर हातभर खोल पुरा. अळी मातीत जाऊन कोष करते आणि तिथूनच पुढची पिढी येते. चांगल्या फळांना मी जुन्या वर्तमानपत्राची नळी घालते, पावसात मात्र ती दोन दिवसांनी बदलावी लागते.

---

गच्चीवरची_माती | 27 जून 2025

धरली! तीन दिवस संध्याकाळी बॅटरी घेऊन गेले, आज एक दुधी माझ्या मधल्या बोटाएवढी आहे आणि खाली वळली आहे. हडसनकाठ ताई, तुमचे किती आभार मानू. मुलीने तिच्याशेजारी पट्टी टांगली आहे, रोज मोजते.

---

आगरवाली | 6 जुलै 2025

आज एकादशी. पहिली काकडी देवापुढे ठेवली, उद्या बारशीला कोशिंबीर.

पडवळ लोंबायला लागलं आहे. ते वळायला लागलं की टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात, माहीत असेल. दगड सुपारीएवढा पुरे. मोठा बांधला तर देठ तुटतो, आणि सुतळी टोकाच्या अगदी शेवटाला, सैल बांधायची. फळ वीतभर झालं की बांधा आणि सरळ वाढलं की सोडून घ्या.

बियाण्यासाठी दुसऱ्या आळ्यातली एक काकडी राखली आहे. हे आळं पावसात पाण्यात बुडालं होतं तरी वेल सावरला, म्हणून बी त्याचंच हवं. लाल चिंधी बांधली आहे, घरात कुणी चुकून तोडू नये. पिवळीधमक होऊन साल तडकायला लागली की काढेन, दोन दिवस गर आंबवून बी धुऊन सावलीत वाळवेन. राखेत घोळून पुड्या करते. ज्यांना हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दसऱ्याच्या आत पाठवते. गच्चीवरच्या मातीची पुडी मी आधीच बाजूला धरली आहे.